बिऱ्हाडामागची गाडी

वॉटफर्ड,
१४ मे २००६

प्रिय सतीशराव,

माझा आणि मधुमतीचा नमस्कार. अवेळी पत्र आलं म्हणून दचकू नका. तिथी बदललेली नाही. अविधवा नवमी यंदा सप्टेंबरच्या मध्यावर आहे आणि अर्चनावहिनींच्या श्राद्धाला मी नेहमीसारखा वेल्समध्ये तुमच्या बाला गावी येणार आहे. फक्त यंदा रेल्वेनं येणार नाही.

त्याचं असं झालं. छापखान्यातून रिटायर झाल्यापासून मी पूर्णवेळ गुरुजी झालो हे तुम्हाला ठाऊकच आहे. आज ग्लासगोला मुंज, उद्या कार्डिफला वास्तुशांत. मी हिंडतो आणि मधुमती घरी एकटी. तिची पाठ अशी, की ट्रेनच्या सीटवर तासभर बसली तर दोन दिवस झोपून काढावे लागतात. शेवटी आम्ही एक सेकंडहँड मोटरहोम घेतली. पलंग आहे, शेगडी आहे, फ्रिज आहे, संडाससुद्धा आहे. पाठ दुखली की हिनं सरळ थांबायला सांगायचं आणि आडवं व्हायचं. देवांची तसबीर ब्लू-टॅकनं चिकटवली आहे, ब्रेक दाबला की देव जरा पुढे झुकतात एवढंच. मधुमती या गाडीला ‘बिऱ्हाड’ म्हणते.

गेल्या खेपेला तुम्ही म्हणाला होतात की शेजारच्या ग्वेनबाई दरवर्षी सवाष्ण म्हणून कौतुकानं जेवायच्या, पण आता त्यांचेच मिस्टर गेले, तेव्हा यापुढे नवमीला पानावर कोणाला बसवायचं? ती काळजी सोडा. मधुमती येईल.

आता माझा प्रश्न. हे बिऱ्हाड काही तुमच्या बोळातून वर चढायचं नाही. तळ्याकाठच्या कॅम्पसाइटवर लावावं लागेल. तिथून तुमच्या घरी आणि मग चेस्टरला, मँचेस्टरला इतर यजमानांकडे जायचं कसं? इकडे लोक मोटरहोमच्या मागे आपली छोटी गाडी बांधून ओढत नेतात. ए-फ्रेम म्हणतात, लोखंडाचा त्रिकोण असतो, गाडीच्या नाकाला लावायचा. चारही चाकं रस्त्यावर, आत माणूस नाही, आणि गाडी आपली गुमान मागून येते! मी परवा हायवेवर अशी एक पाहिली आणि तिच्या मागे मागे मुद्दाम दोन जंक्शनं पुढे गेलो. वळणावर ती कशी वळते ते बघायचं होतं.

तर आमची मायक्रा अशी बांधून आणावी का? तुमची सगळी हयात बसडेपोत गाड्यांच्या खाली गेली. तुमच्याइतकं हे मला कोण सांगणार? शिवाय यात तुमचाही फायदा आहे. एवढ्या लांब रुआबॉन स्टेशनवर मला घ्यायला यायचा तुमचा त्रास वाचेल आणि तुमच्या गाडीत डॅशबोर्डला टेकणारे माझे गुडघेही वाचतील!

सविस्तर लिहा. मला यातलं सगळं जाणून घ्यायचं आहे.

तुमचा,
अवधूत

ता. क. भावजी, मी मधुमती. पुरण घालू की गव्हल्यांची खीर करू? अर्चनावहिनींना काय आवडायचं ते कळवा. लोखंडाच्या त्रिकोणाचं तुम्ही दोघं बघा.


बाला,
२३ मे २००६

गुरुजींना सतीशचा नमस्कार.

वहिनी येणार हे वाचून बरं वाटलं. अर्चनाला खीर आवडायची, जायफळ जरा जास्त घातलेली.

आता त्रिकोणाचं. तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट लिहितो. आणू नका.

पहिलं कारण, ए-फ्रेम लावलेली गाडी रिव्हर्स घेता येत नाही. जरा मागे घेतलंत की ओढलेल्या गाडीची पुढची चाकं मन मानेल तशी फिरतात आणि ती आडवी होते. चुकीच्या वळणावर गेलात तर खाली उतरून, गाडी सोडून, दोन्ही वेगवेगळ्या वळवून, परत जोडायची. आमच्याकडचे रस्ते तुम्ही पाहिलेत. दोन्हीकडे झुडपांचं उंच हेज, समोरून ट्रॅक्टर, आणि मेंढ्या तर रस्ता आपल्याच बापाचा असल्यासारख्या बसतात. दुसरं, मागच्या गाडीला स्वतःचा ब्रेक लागतो, तो तुमच्या ब्रेकबरोबर चालला पाहिजे. तिसरं, किल्ली आत ठेवून स्टिअरिंगचं कुलूप उघडं ठेवावं लागतं, विसरलात तर वळणावर टायर घासत जातील. चौथं, मागच्या गाडीचं टायर फुटलं तर पुढे बसलेल्या माणसाला कळत नाही. मी डेपोत एकदा अशी गाडी पाहिली आहे, रिमवर चालत आली होती.

त्यापेक्षा मी कॅम्पसाइटवर येतो. दोघांना घरी आणतो, परत सोडतो. चेस्टरलाही नेईन. मला काय दुसरं काम आहे?

मीनल सध्या माझ्या गाडीच्या मागे लागली आहे. फेब्रुवारीत धुवायला बाहेर काढताना फाटकाच्या खांबाला जरासं घासलं, ते तिनं ईस्टरला आल्यावर पाहिलं. तेव्हापासून दर रविवारी फोनवर एकच. “बाबा, यू डोन्ट नीड अ कार. विकून टाका आणि इल्फर्डला या.” इल्फर्डला तिच्या फ्लॅटमध्ये मी काय करू? खिडकीतून बस मोजू? मी तिला सांगतो, अगं, सप्टेंबरात गुरुजी येतात, रुआबॉनहून त्यांना कोण आणणार? मग ती विषय बदलते. गुरुजींपुढे तिचं चालत नाही.

तेव्हा तुम्ही निश्चिंत या. गाडी धुऊन तयार ठेवतो. चेस्टरला जाताना त्या डोंगरावरच्या ले-बायमध्ये, रस्त्याकडेच्या थांब्यावर, आपण नेहमी थांबतो तसे थांबू, थर्मासमध्ये चहा आणीन.

सतीश


वॉटफर्ड,
११ जून २००६

प्रिय सतीशराव,

तुमचं पत्र म्हणजे खजिना! चारही मुद्दे घेऊन मी हिंडतो आहे आणि प्रत्येकाचं उत्तर शोधून काढलं आहे.

हर्टफर्डजवळच्या कॅम्पसाइटवर ग्रॅहम नावाचे गृहस्थ भेटले. निवृत्त हेडमास्तर. ते वर्षानुवर्षं गाडी ओढताहेत. त्यांना मी इतके प्रश्न विचारले की त्यांची बायको आतून खुर्चीच घेऊन आली. रिव्हर्स घेता येत नाही हे त्यांनी लगेच मान्य केलं. पण म्हणाले, सुटी करायला किती वेळ लागतो बघा. आणि माझ्यासमोर पिन काढली, केबल काढली, फ्रेम दुमडली, झालं! मला सोवळं नेसायला याहून जास्त वेळ लागतो. ब्रेकसाठी पेडलला केबल जोडतात. किल्लीची आठवण राहावी म्हणून ते स्टिअरिंगलाच चिठ्ठी चिकटवतात. मागच्या टायरवर नजर ठेवायला छोटा कॅमेरा मिळतो, पडदा ड्रायव्हरसमोर. म्हणजे चौथा मुद्दाही निकालात. मी मायक्राला फ्रेम बसवून घेतली. गॅरेजवाल्यानं विचारलं, “गोइंग फार?” मी म्हटलं, वैकुंठ सोडून सगळीकडे.

आणि सतीशराव, तुमचं मीनलचं प्रकरण वाचून तर मला वाटलं, देवानंच ही बुद्धी दिली. तुम्ही केवळ माझ्यापायी ती गाडी ठेवली आहेत हे मला माहीतच नव्हतं हो. वर्षातून एकदा येणाऱ्या भटजीसाठी तुम्ही लेकीशी वाद घालायचा, टॅक्स भरायचा, दरवर्षी गाडीची एमओटी तपासणी करायची! आता त्याची गरज नाही. माझी गाडी माझ्याबरोबर येईल. तुम्ही खुशाल विका. मीनलला सांगा, गुरुजींनीच परवानगी दिली आहे. पोरीला बरं वाटेल आणि तुमच्या डोक्याचा ताप जाईल.

तुमचा,
अवधूत

ता. क. भावजी, हे पत्र यांनी मला तीनदा वाचून दाखवलं, प्रत्येक वेळी स्वतःवर खूश होऊन. मला मात्र वेगळंच कुतूहल आहे. दरवर्षी बालाहून आले की श्राद्धाबद्दल एका वाक्यात सांगतात, “नीट पार पडलं.” मग आठवडाभर त्या रुआबॉनच्या रस्त्याबद्दल बोलतात. कुठे धबधबा आहे, कुठे वहिनींनी ब्लॅकबेरी तोडताना साडी फाडली. तुम्ही दोघं त्या रस्त्यावर बोलता तरी काय? — म.


इल्फर्ड,
२० जून २००६

प्रिय अवधूतकाका,

नमस्कार. मी मीनल, सतीशरावांची मुलगी. माझं मराठी लिहिणं चांगला नाही, आईनं सॅटर्डे स्कूलमध्ये शिकवलं तेवढंच. चुका असेल तर सॉरी. ईमेल केलं असतं पण मधुमतीकाकू म्हणाली तुम्ही ईमेल उघडत नाही.

बाबांनी फोन केला. म्हणाले, “गुरुजींनी लिहिलंय गाडी विक, मी विकतो.” मी खूप खूश झाली. थँक यू काका. मी ईस्टरपासून सांगते ते ऐकत नाही, तुम्ही एकदा सांगितलं आणि डन.

पण आता मला काळजी वाटतो. ते काही आर्ग्यू करत नाहीत. आधी प्रत्येक संडेला आमचा भांडण व्हायचा, आता मी बोलते आणि ते फक्त “बरं” म्हणतात. कपडे किती आणणार विचारलं तर “बरं”. इल्फर्डला कधी येता, तर “बरं”. काका, ते कधीच असे नव्हते.

मी ग्वेनला फोन केला. ती म्हणाली बाबा गाडी कुठे नेतच नाहीत. शॉपिंग तीच आणते. गाडी फक्त तुमच्यासाठी निघतो. पण दर संडेला ते धुतात, आणि धुतल्यावर बराच वेळ आत बसतात. इंजिन बंद. ग्वेन म्हणाली, “आय थॉट यू न्यू, लव्ह.” मला माहीत नव्हतं.

एक प्रश्न विचारू? आई गेल्यापासून बाबा माझ्याशी आईबद्दल बोलत नाहीत. एक वर्डसुद्धा नाही. मी विषय काढला की ते किचनमध्ये जातात. मी फार्मसिस्ट आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या आईवडिलांशी बोलते, पण माझ्या बाबांशी मला जमत नाही. तुमच्याशी बोलतात का? गाडीत? काय बोलतात?

तुम्हाला सांगता येत नसेल तर राहू द्या. पण मला खूप जाणून घ्यायचं आहे. ती माझी आई होता ना.

तुमची,
मीनल


बाला,
२ जुलै २००६

गुरुजींना नमस्कार.

पत्र पोचलं. मुद्द्यांची उत्तरं बरोबर आहेत. तुम्ही ठरवलंच आहे, तर आणा ओढून.

निघण्यापूर्वी एवढं बघा. मायक्रा न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक खाली. मोटरहोमचाच नंबर मायक्राच्या मागे लावायचा. मागचे दिवे लागतात का ते वहिनींना मागे उभं करून तपासा. एक जास्तीची केबल असते, फ्रेम तुटली तर मागच्या गाडीचा ब्रेक तीच ओढते. ती जोडायला विसरू नका. मोटरवेवर तिसऱ्या लेनमध्ये जायचं नाही.

गाडी विकायला काढली आहे. कॉर्वेनचा एकजण बघून गेला, पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो म्हणाला. त्याच्या मुलीला शिकायला हवी आहे. आत बसून त्यानं सगळं हलवून बघितलं.

घरी दर्भ, तीळ, सगळं तयार ठेवीन. तुम्ही तुमच्या गाडीनं दारात या.

वहिनींना सांगा, रस्त्यावर आम्ही विशेष काही बोलत नाही.

सतीश


वॉटफर्ड,
१० जुलै २००६

सतीशराव,

त्या कॉर्वेनवाल्याला गाडी दिलीत का? दिली नसेल तर देऊ नका. हे आधी लिहितो, बाकीचं मग. फोन केला होता, तुम्ही उचलला नाहीत. अंगणात असाल.

परवा आम्ही गाडी ओढून पहिल्यांदा बाहेर पडलो. मिल्टन कीन्सला श्रद्धा म्हणून एक मुलगी आहे, पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये. नव्या घराची वास्तुशांत होती. तिचा नवरा कबीर म्हणाला होता, “गुरुजी, मी घ्यायला येऊ का कॅम्पसाइटवर?” मी रुबाबात म्हटलं, नको, माझी गाडी माझ्या मागे असते.

तुम्ही लिहिलेलं सगळं तपासलं. दिवे, केबल, हँडब्रेक. मधुमती मागे उभी राहून “लागला, विझला, लागला” ओरडत होती आणि शेजारचा कुत्रा तिला साथ देत होता. हायवेवर गाडी काय सुरेख चालली! पण मिल्टन कीन्सचे राउंडअबाउट तुम्हाला माहीत आहेत. एका ठिकाणी मी चुकलो आणि थेट एका नव्या कॉलनीत, पुढे रस्ता बंद. रिव्हर्स नाही! मी खाली उतरून पिन काढतोय, मधुमती साडीवर कार्डिगन घालून रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी, आणि घराघरांतून माणसं बाहेर. एक बाई चहाच घेऊन आल्या. जोडाजोड करून परत बाहेर पडेपर्यंत आमची अख्ख्या कॉलनीशी ओळख झाली होती.

तुमचा पहिलाच मुद्दा खरा ठरला. पण मी लिहितोय ते त्यासाठी नाही. कॉलनीतली ती मजा मला आवडली, खोटं कशाला बोलू. खरी गोष्ट पुढे झाली.

कॅम्पसाइटवरून मायक्रा घेऊन आम्ही श्रद्धाच्या घरी गेलो. पूजा मांडलेली, पाहुणे आलेले, मी लगेच पाटावर. संकल्प सोडायला यजमानांच्या हातावर पाणी घातलं आणि मी अडलो. नाव, गोत्र सगळं लिहून दिलेलं होतं. पण या दोन माणसांना नेमकं काय हवंय हे मला माहीतच नव्हतं. एरवी मला माहीत असतं, सतीशराव. कोणीतरी स्टेशनवर घ्यायला येतं. पाच मिनिटं हवापाणी होतं. मग माणूस रस्त्याकडे बघत बघत सांगतो, आई आजारी आहे, नोकरी जाईलसं वाटतं, मूल राहत नाही. माझ्याकडे बघावं लागत नाही ना, म्हणून सांगतो. ते कानात घेऊन मी पाटावर बसतो. परवा मी कोरडा बसलो. मंत्र सगळे म्हटले, एकही चुकला नाही, आणि मला पूजा केल्यासारखं वाटलंच नाही.

परतीच्या वाटेवर मधुमती म्हणाली, “तुम्ही भावजींची गाडी विकायला लावलीत.” एवढंच. मग बिऱ्हाड थांबवायला लावून पलंगावर आडवी झाली. तिची पाठ त्या दिवशी दुखत नव्हती, म्हणजे आडवं व्हायचं कारण मीच होतो.

सतीशराव, मी शहाणपणा केला. तुम्ही मला साधं लिहिलं होतंत की गाडी धुऊन ठेवतो, थर्मास आणतो, आणि मी तुम्हाला कॅमेऱ्याचा पडदा दाखवत बसलो. गुडघ्यांचीही थट्टा केली. पहिल्या वर्षी मी सीट मागे सरकवायला खाली हात घातला तेव्हा तुम्ही म्हणालात, “राहू द्या गुरुजी, ती अर्चनानं लावलेली आहे.” तेव्हापासून मी त्या दांड्याला हात लावलेला नाही आणि मला त्याचा कधी त्रास झालेला नाही. त्या कॉर्वेनवाल्यानं आत बसून सगळं हलवून बघितलं, असं तुम्ही लिहिलंत. मी ते चार वेळा वाचलं. सीट हलवली का हो त्यानं?

ए-फ्रेम मी काढून टाकली. मधुमतीनं ती मागच्या अंगणात भिंतीला उभी करून त्यावर घेवड्याचा वेल चढवला आहे. सप्टेंबरात आम्ही बिऱ्हाड तळ्याकाठी लावू आणि तुम्ही आम्हाला घ्यायला याल. चेस्टरला पण तुम्हीच न्यायचं. मधुमती मागे आडवी पडेल. मी पुढे, गुडघे जवळ घेऊन.

एक अट मात्र आहे. खांबाला घासलं ते घासलं. डोळे तपासून घ्या आणि तो कागद मीनलला पाठवा. ती तेवढं मागू शकते.

तुमचा,
अवधूत


वॉटफर्ड,
१० जुलै २००६

चि. मीनल,

अनेक आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला, त्याची माफी. तुझं मराठी चांगलं आहे. मला सगळं कळलं, आणि पत्र कळलं की झालं.

तू विचारलंस, बाबा गाडीत आईबद्दल बोलतात का? हो, बोलतात. स्टेशनपासून घरापर्यंत दुसरं काही बोलत नाहीत. घरात शिरले की संपलं, मग श्राद्ध होईपर्यंत तोंडातून शब्द नाही. मलाही आधी नवल वाटायचं. आता कळतं. घरात तिची प्रत्येक वस्तू त्यांच्याकडे बघत असते. रस्त्यावर ते स्टिअरिंगला धरून असतात, समोर बघावं लागतं, आणि मग जमतं.

काय बोलतात ते मी सांगणार नाही. ते तुझं आहे, माझ्या तोंडून ऐकायचं नाही. तू स्वतः जा. तू ईस्टरला जातेस तेव्हा तुझी गाडी घेऊन थेट दारात उतरतेस ना? या वेळी नेऊ नकोस. ट्रेननं रुआबॉनला उतर आणि त्यांना फोन कर, की बाबा, मला घ्यायला या. फोनवर काही विचारू नकोस, घरात विचारू नकोस. गाडीत बस आणि विचारूही नकोस. वाट पाहा.

त्यांना गाडी विकायला मी सांगितलं, ते चुकलं. तुझ्या काळजीत खोट नव्हती, म्हणून डोळे तपासायला त्यांना लिहिलं आहे. ते नीट चालवतात की नाही हे इल्फर्डहून कसं कळणार? शेजारी बसून बघ. नाही आवडलं तर मला लिही, मग मी तुझ्या बाजूनं भांडेन.

आणि एक सांगतो. बसलीस की सीट मागेपुढे करू नकोस. तुझ्या आईनं जशी लावली होती तशीच ती आहे. अडचण झाली तर माझ्यासारखी सोस.

तुझा,
अवधूतकाका


बाला,
१९ जुलै २००६

गुरुजींना आणि वहिनींना नमस्कार.

कॉर्वेनच्या माणसाला नाही म्हणून कळवलं. तो जरा वैतागला. सीट त्यानं हलवली होती. तो गेल्यावर मी आत बसून ती पुन्हा लावली, पण आधी नेमकी कुठे होती ते मला खात्रीनं सांगता येईना. इतकी वर्षं डेपोत काढली, पण सीटखाली खूण करून ठेवायचं सुचलं नाही. अंदाजानं लावली आहे. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. तुम्हाला लिहावंसं वाटलं, पण तुम्ही खुशीत होतात.

डोळे तपासले. चष्म्याचा नंबर थोडा बदलला, बाकी ठीक. कागद मीनलला पाठवला.

तिचा फोन आला होता. शनिवारी येते आहे, तिची गाडी बिघडली आहे म्हणून ट्रेननं. रुआबॉनला घ्यायला या म्हणाली. तिची गाडी तर नवीन आहे. बघतो काय ते.

वहिनी, रस्त्यावर आम्ही विशेष काही बोलत नाही असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. जायफळ जरा जास्त घाला.

सतीश


इल्फर्ड,
२५ जुलै २००६

प्रिय अवधूतकाका आणि मधुमतीकाकू,

मी काल परत आली. कामावर जायच्या आधी लिहिते, नाहीतर विसरेन. नाही, विसरणार नाही, पण तरी.

बाबा स्टेशनवर अर्धा तास आधी येऊन उभे होते. टाय घालून! मी म्हटलं, बाबा, मी आहे, गुरुजी नाही. ते म्हणाले, “रुआबॉनला मी असाच येतो.”

गाडी ते बरोबर चालवतात. मी सगळा वेळ बघत होती. फक्त खूप हळू. एका ट्रॅक्टरनं आम्हाला ओव्हरटेक केला आणि बाबांनी त्याला हात केला. मी हसली, मग ते पण हसले.

लॅन्गोलेनपर्यंत ते काहीच बोलले नाही. मी पण नाही. तुम्ही सांगितलं होतं वाट पाहा. खूप कठीण होता, काका. मग एक पूल आला आणि ते एकदम म्हणाले, “तुझी आई इथे माझ्याशी इतकी भांडली होती, की उतरून चालायला लागली.” मी म्हटलं, का? ते म्हणाले, “मी म्हटलं होतं, मुलीला मराठी कशाला शिकवतेस, काय उपयोग.” मग म्हणाले, “मी मागून गाडी हळूहळू चालवत होतो, खिडकीतून सॉरी म्हणत.” काका, मला हे माहीतच नव्हतं. मी तुम्हाला हे पत्र मराठीत लिहिते ते आई त्या पुलावर चालली म्हणून.

पुढे ते थांबलेच नाहीत. ले-बायमध्ये चहा प्यायलो, तिथे पण बोलले. घरी पोचायला आम्हाला दुप्पट वेळ लागला. घरात गेल्यावर ते परत गप्प, अगदी तुम्ही लिहिलं तसं. पण आता मला त्याचं काही वाटला नाही. मला आता कळलं ते कुठे बोलतात. पुढच्या महिन्यात पण मी ट्रेननं जाणार आहे. गाडी विकायची नाही, इल्फर्डचं मी आता बोलणार नाही. फाटकाचा खांब आम्ही दोघांनी मिळून पांढरा रंगवला, म्हणजे लांबून दिसतो.

आता सीटचं सांगते. बसायच्या आधी बाबा म्हणाले, “कोणीतरी हलवली होती, मी अंदाजानं लावली आहे, बरोबर आहे की नाही कळत नाही.” हे सांगताना ते सीटकडेच बघत होते. तुम्ही लिहिलं होतं अडचण झाली तर सोस, म्हणून मी तयारी करून बसली. तुमच्यासारखे गुडघे वर घेऊन.

अडचण झालीच नाही, काका. माझे पाय बरोबर बसले. पाठ पण बरोबर टेकली. बाबांनी माझ्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, “हं. इथेच होती.”

मग त्यांनी गाडी सुरू केली.

तुमची,
मीनल